फुर्टवेंगलर आणि बेथोवेनची नववी: एकाच मैफलीच्या दोन प्रती इतक्या वेगळ्या का?

मंद्रसप्तक (प्रश्न)

विल्हेल्म फुर्टवेंगलर यांच्या संचालनाखाली झालेल्या बेथोवेनच्या नवव्या सिंफनीची प्रत्यक्ष मैफलीतील ध्वनिमुद्रणे मी गेले काही महिने ऐकत आहे. बर्लिनच्या 1942 सालच्या मुद्रणाच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एका वेष्टनावर मार्च, तर दुसऱ्यावर एप्रिल असे छापलेले आहे; मात्र गायकांचे आवाज आणि मधले खोकलेसुद्धा दोन्हींत जिथल्या तिथे असल्यामुळे मैफल एकच असावी. तरीही पहिल्या प्रतीत सबंध वाद्यवृंदाची पट्टी चढलेली वाटते आणि व्हायोलिने कर्कश होतात. दुसऱ्या प्रतीत पट्टी ठीक आहे, पण टिंपनीवर (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांवर) कोणी घोंगडी टाकल्यासारखा तिचा नाद दबलेला आहे. यांपैकी विश्वास कोणत्या प्रतीवर ठेवावा? शिवाय 1951 आणि 1954 सालची मुद्रणेही उपलब्ध आहेत, तर या संचालकाची नववी समजून घेण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

जुनी फीत

आधी तारखेचा घोळ सोडवू. आपल्याकडचे मुद्रण 22 ते 24 मार्च 1942 या दिवसांत बर्लिनच्या जुन्या फिलहार्मोनी सभागृहात झालेल्या मैफलींचे आहे. गायकवृंद ब्रूनो किटेल यांचा होता. हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, म्हणजे 19 एप्रिलला, हीच सिंफनी पुन्हा वाजवली गेली आणि तिच्या अखेरचे चित्रीकरण झाले. ते दृश्य अनेकांनी पाहिलेले असल्यामुळे मार्चच्या मुद्रणावर एप्रिलची तारीख चिकटत राहिली.

आता पट्टीविषयी. त्या काळी तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपत असे, त्यामुळे लांब मूव्हमेंट (सिंफनीचा एक भाग) तुकड्यातुकड्यांनी वाजवावी लागे. जर्मन रेडिओकडे मात्र मॅग्नेटोफोन, म्हणजे चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र, होता. सेकंदाला 77 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच्या फितीवर वीसेक मिनिटांचे सलग संगीत मावत असे, आणि 1940 मध्ये वॉल्टर वेबर यांनी उच्च वारंवारतेच्या बायसची (मुद्रण करताना कानाला ऐकू न येणारा संकेत मिसळण्याची) पद्धत आणल्यापासून फितीची खरखर एकदम कमी झाली. युद्धानंतर या फितींपैकी बऱ्याच मॉस्कोला गेल्या, तिथे त्यांवरून मेलोदिया या सोव्हिएत कंपनीच्या तबकड्या निघाल्या आणि 1987 मध्ये त्यांच्या प्रती बर्लिनला परत मिळाल्या. प्रतीवरून प्रत काढताना फितीचा वेग जरा जरी चुकला, तरी लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढतात किंवा उतरतात. 1944 च्या व्हिएन्नातील ‘एरोइका’चे, म्हणजे बेथोवेनच्या तिसऱ्या सिंफनीचे, असेच झाले. उरानिया कंपनीने 1953 मध्ये काढलेली तिची तबकडी चढ्या पट्टीत होती आणि तिची विक्री थांबवण्यासाठी फुर्टवेंगलर स्वतः न्यायालयात गेले होते.

पट्टी तपासायची असेल तर शेवटच्या मूव्हमेंटमध्ये चेलो आणि डबल बास पुढे गायल्या जाणाऱ्या आनंदगीताची धून प्रथमच एकट्याने वाजवतात तिथे ट्यूनर (सुराची उंची दाखवणारे यंत्र) धरावा. धून एफ शार्प या स्वरावर सुरू होते आणि दुसऱ्या ओळीच्या अखेरीस डीवर स्थिरावते. इतर वाद्ये गप्प असल्यामुळे काटा फारसा हलत नाही. ए हा स्वर 440 हर्ट्झच्या किंचित वर निघाला तर ते स्वाभाविक समजावे, पण अर्ध्या स्वराच्या जवळपास फरक आला तर ती प्रत सरळ बाजूला ठेवावी.

कासवगती

दबलेल्या टिंपनीबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण ती दबली की या मुद्रणाचा गाभाच जातो. पहिल्या मूव्हमेंटमध्ये मूळ विषय परत येतो तेव्हा तो कुजबुजत नाही, तर डी मेजर या स्वरश्रेणीत पूर्ण ताकदीने कोसळतो आणि त्याखाली टिंपनी अखंड घुमत राहते. मार्च 1942 मध्ये तिथे मायक्रोफोनला तो भार पेलवत नाही आणि आवाज फाटतो. खरखर पुसण्याच्या नादात काही संपादकांनी हा फाटका आवाज छाटला आणि त्याबरोबर सभागृहाचा घुमारही नेला. शांत जागी खरखर ऐकू येत राहिली तर ते सुचिन्ह समजावे. सूर थांबताच तीही नाहीशी होत असेल, तर चाळणी लावलेली आहे हे नक्की. बर्लिन फिलहार्मोनिकने 2018 मध्ये 22 तबकड्यांचा जो संच काढला, त्यातील प्रत माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे.

चौथा हॉर्न

मी सुरुवात 1951 पासून करावी असे म्हणेन. युद्धानंतर जर्मनीतील बायरॉइट महोत्सव (वाग्नरच्या संगीतनाट्यांचा) पुन्हा सुरू झाला त्या प्रसंगी, 29 जुलै 1951 रोजी, झालेली ही मैफल आहे. तिसरी मूव्हमेंट जवळजवळ वीस मिनिटे चालते आणि तरीही कुठे रेंगाळत नाही. उलट अखेरच्या प्रेस्टिसिमोत (अतिद्रुत भागात) वेग इतका वाढतो की वादक एकमेकांपासून सुटतात. गायिका एलिझाबेथ ह्योंगेन या 1942 मध्येही गायल्या होत्या आणि इथेही आहेत, त्यामुळे दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकण्यात वेगळाच अर्थ आहे. ईएमआय कंपनीने 1955 मध्ये काढलेली आवृत्ती आणि बव्हेरियन रेडिओच्या फितीवरून ओर्फेओ कंपनीने काढलेली आवृत्ती यांत मात्र जागोजागी फरक आहेत, आणि सरावातला भाग नेमका कशात आला यावर बराच वाद झाला. 2021 मध्ये स्वीडिश रेडिओची त्या संध्याकाळच्या प्रसारणाची फीत बीआयएस कंपनीने प्रकाशित केली, तेव्हापासून तुलनेला एक ठोस आधार मिळाला आहे.

22 ऑगस्ट 1954 ची लुसर्नची नववी फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरची आहे. तिचा ध्वनी या तिन्हींत स्वच्छ आहे आणि स्वभाव शांत. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी फुर्टवेंगलर वारले.

जुनी फीत

एक भर घालतो. 1942 च्या मुद्रणातील उग्रपणाला निव्वळ काळाची किंकाळी म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. त्या सभागृहात कोण बसत होते हे विसरता येत नाही, विसरूही नये. पण फाटलेला आवाज हा काही अंशी यंत्राचा आहे आणि वेगातले ताणतणाव 1951 मध्येही आहेत. आधी प्रत पारखावी, अर्थ नंतर लावावा.

मंद्रसप्तक

आपण सांगितलेल्या जागी ट्यूनर धरून पाहिला. पहिल्या प्रतीत धून डीवर टेकायला हवी तिथे काटा डी आणि ई फ्लॅट यांच्या मधोमध थांबला. प्लेअरवर वेग साधारण तीन टक्क्यांनी उतरवला, आणि जी व्हायोलिने मला कर्कश वाटत होती ती लगेच भरदार झाली; पहिल्या मूव्हमेंटमधला टिंपनीचा तो घुमारही आज पहिल्यांदा सुरात ऐकला. दबलेली प्रत बाजूला ठेवली आहे. आता 2018 च्या संचातील प्रत मिळवतो आणि तिच्यानंतर लागलीच 1951 ऐकतो.