दुपारी २ ते ५ ड्रिल मशीन बंद ठेवा (सोसायटी ग्रुप, रविवार)

बी-२०४ मॅडम: नमस्कार. सी विंगमध्ये ज्यांचं काम चालू आहे त्यांना पुन्हा एकदा विनंती. आज २ ते ५ माझं ऑनलाइन प्रशिक्षण आहे. सकाळपासून भिंत थरथरायलीय. तेवढा वेळ मशीन बंद ठेवा.

सी-३०१ दादा: मॅडम, मिस्त्री रविवारीच सापडतो. वास्तुशांतीची तारीख धरलीय, पाहुण्यांना फोन गेलेत. अन् तुमचं प्रशिक्षण तर सारखंच चालू असतं.

बी-२०४ मॅडम: चालू असतंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं लिहिलंय. शाळेच्या वेळेत बसले तर लेकरं वाऱ्यावर. म्हणून रविवार.

सेक्रेटरी नाना: टँकरचे पैसे ज्यांनी दिले नाहीत त्यांनी आज संध्याकाळपर्यंत द्यावेत. उद्या टँकरवाला येणार नाही म्हणतोय.

ए-१०१ आबा: प्रशिक्षण समोरासमोरच व्हायला पाहिजे. आम्ही मुरूडला डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, मुक्कामाला राहायचो. रात्री जेवण झाल्यावरसुद्धा गणितावर वाद चालायचे.

बी-१०२ पिंटू: मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, तिकडं भाजी निवडायची, शेवटी प्रमाणपत्र. माझा साडूच शिक्षक आहे, आम्हाला नका सांगू 😂

सी-३०१ दादा: 😂😂

बी-२०४ मॅडम: दादा, हसायला वेळ आहे तर मशीन बंद करायलाही असेल.

सी-३०१ दादा: गणपतीत स्पीकर बंद, आता ड्रिल बंद. बिल्डिंगमध्ये आम्ही राहावं का नाही तेवढं सांगा.

ए-२०३ माई: गणपतीचं कशाला काढायलाव आता? मिटलं होतं ना ते.

बी-२०४ मॅडम: पिंटू, तुझं अर्धं खरं आहे. व्हिडिओ चालू ठेवून उठून जाणारे आहेत. 'निष्ठा' या शिक्षकांच्या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या चाचणीत प्रमाणपत्रासाठी ७० टक्के लागतात, तर तयार उत्तरं ग्रुपवर फिरतात. मला त्याचाच राग येतो. कारण जे शिकवतात ते कामाचं असतं. ५२ मधून २७ वजा करायला दिले की माझ्या वर्गातली चार-पाच लेकरं ३५ लिहितात. काहून? कारण ते वर-खाली बघत नाहीत, मोठ्या अंकातून लहान काढतात. ७ मधून २, ५ मधून २. हा निष्काळजीपणा नाही, त्यांनी मनाशी बांधलेला नियम आहे. मग नुसतं 'हातचा घे' म्हणून भागत नाही. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या, म्हटलं यातून २७ दे मला. सुट्या सात कुठून देणार? एका पोरीने गठ्ठ्याचं रबर दातानं ओढून सोडलं. पुढचं तिनंच बाकीच्यांना सांगितलं. चूक अशी उलगडून बघायची हे मी त्या ऑनलाइन भागातच शिकले.

ए-२०३ माई: छान केलंत मॅडम. आमच्या नातवाला असंच कुणीतरी सांगा. त्याच्या कार्डावर टक्केच नाहीत. पहिला आला का शेवटचा कळेना गेलंय.

बी-२०४ मॅडम: माई, समग्र प्रगतीपत्रकाचा हेतूच तो आहे. त्यात लेकरू स्वतःबद्दल सांगतं, सोबती सांगतो, शिक्षक सांगतो. नंबर बघायची सवय आपल्याला आहे. त्याला काय येतं ते वाचा, वाटल्यास घेऊन या, मी समजावून सांगते.

बी-१०२ पिंटू: आता तर ती शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटीपण द्यायचीय म्हणे सगळ्या शिक्षकांना.

बी-२०४ मॅडम: सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. तो विषय वेगळा, इथं नको.

ए-१०१ आबा: म्हणूनच म्हणतो, समोरासमोर प्रशिक्षण पाहिजे.

सेक्रेटरी नाना: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. टँकरचे पैसे.

बी-१०२ पिंटू: नाना, पहिले तुमच्या पोराचं पार्किंगचं बघा. माझी गाडी निघेना गेली.

सेक्रेटरी नाना: पर्सनलवर बोल.

बी-२०४ मॅडम: आबा, तुमचा मान राखून सांगते. दोन शिक्षकी शाळेतला एक जण पाच दिवस प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून बदलली, सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं उद्दिष्ट तर २०२६-२७ चं आहे. तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे, साधे हिशोब आले पाहिजेत. शाळा बंद ठेवून ते कसं होणार? ऑनलाइनची उणीव एकच. शंका आली तर पलीकडे विचारायला माणूस नाही. तर घरी बघावं, वर्गात करून बघावं आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत लेकरांच्या वह्या घेऊन बसावं. तिथं नुसते अहवाल वाचण्यापेक्षा एक तास वह्यांना द्या. केवढा फरक पडेल!

ए-१०१ आबा: वह्यांचं पटलं. तरी मी म्हणेन, प्रशिक्षण समोरासमोरच...

सी-३०१ दादा: मॅडम, मिस्त्रीला जेवायला बसवलंय. साडेतीनपर्यंत थांबतो. पुढं मला जमणार नाही, आधीच सांगतो.

बी-२०४ मॅडम: गटचर्चा चारला आहे.

ए-२०३ माई: अहो दादा, चारनंतर फरशी बसवा की! तिला कुठं ड्रिल लागतं?

सी-३०१ दादा: बघतो. मिस्त्री ऐकला पाहिजे.

ए-१०१ आबा: मॅडम, मिस्त्री नाही ऐकला तर चारला आमच्याकडं या. मागची खोली रिकामी आहे, वायफाय आहे. मलाही ऐकायचंय काय सांगतात ते.

बी-२०४ मॅडम: येते आबा. चार्जर घेऊन येते.

सेक्रेटरी नाना: टँकर. सहा जण राहिलेत, संध्याकाळी नावं टाकीन.