ज्युनियरला शेजारी बसून शिकवायचं की स्वतःचं स्वतः धडपडू द्यायचं?

रिकामी_ओळ:
आमच्या सॉफ्टवेअर टीममधे यावरून खूप वाद चाललाय म्हणून इथे मांडतोय. मागे एका नव्या मुलाने बिलाची रक्कम फ्लोटमधे (बायनरीत ठेवलेला अपूर्णांक) ठेवली होती, मी रिव्ह्यूमधे, म्हणजे त्याचा कोड तपासताना, एवढंच लिहिलं की फ्लोट नको, डेसिमल (दशमानातच हिशोब ठेवणारा प्रकार) वापर. त्याने बदललं, मी अप्रूव्ह केलं, विषय संपला. दोन आठवड्यांनी व्याजाच्या हिशोबात परत तेच! मग त्याला शेजारी बसवलं, पायथनचा शेल (ओळ टाकली की लगेच उत्तर देणारी खिडकी) उघडला आणि 0.1 + 0.2 टाईप करायला लावलं. उत्तर आलं 0.30000000000000004. तो नुसता बघत बसला. मग सांगितलं की दशमानात एक तृतीयांश लिहायला गेलं तर 0.333 करत कधी संपतच नाही, तसंच बायनरीत 0.1 चं होतं, कुठेतरी तोडावंच लागतं. वीस मिनिटं गेली असतील, पण नंतर त्यानेच जुन्या कोडमधल्या आणखी तीन जागा शोधून आणल्या. कमेंट वाचून त्याने ओळ दुरुस्त केली होती, पण का ते कळलंच नव्हतं. माझं म्हणणं, हा वेळ स्प्रिंटमधे (ठराविक आठवड्यांच्या कामाच्या आखणीत) धरलाच पाहिजे. लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, म्हणतो वेळ नाही.

जुनाखोड:
अजिबात पटलं नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट 2008 साली आली, तिच्या आधी आम्ही मॅन्युअल उघडून डोकं फोडत बसायचो आणि त्यातूनच शिकलो. माझं एक पान उघडायला प्रचंड वेळ घ्यायचं, अख्खी रात्र घालवली, शेवटी क्वेरी लॉग (डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची, म्हणजे क्वेरीची, नोंद) चालू केला तेव्हा दिसलं की 200 ऑर्डर दाखवायला 201 क्वेरी जातायत, यादीची एक आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी वेगळी. कोणी सांगितलं असतं तर दोन दिवसांत विसरलो असतो, आता कोणाच्याही लूपमधे क्वेरी दिसली की आधी तिथेच नजर जाते. तुम्ही उत्तर हातात दिलंत की पुढच्या वेळी तो लॉग बघणार नाही, उठून तुमच्या टेबलापाशी येईल.

नवखी:
मी स्वतः ज्युनियर आहे, आठ महिने झाले. जुनाखोड दादा, तुमच्या त्या रात्रीतून तुम्हाला काहीतरी मिळालं. मी पहिल्याच आठवड्यात तीन दिवस अडकले कारण एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून द्यायची सेटिंग) सेट करायचा असतो हे रीडमीमधे (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमधे) नव्हतंच, ते फक्त दोन जुन्या लोकांना माहीत होतं. त्यात शोधून शिकण्यासारखं काय होतं सांगा ना? आणि विचारलं का नाही म्हणाल तर आदल्याच दिवशी एकाला 'एवढंही माहीत नाही?' असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं होतं.

रात्रीचा_डिप्लॉय:
लीडची बाजू मांडतो, कारण मी तेच काम करतो. सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर पुस्तक लिहिणाऱ्या फ्रेड ब्रुक्सने 1975 सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर आणखी उशीर होतो. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, शिवाय बोलणंही वाढतं, 5 जणांत 10 जोड्या होतात, 10 जणांत 45. रिलीज तोंडावर असताना सिनियर दिवसातून चार वेळा उठला तर त्याचं स्वतःचं काम कोण करणार? शिकवायला ना नाही, पण वेळ कुठून आणू ते सांगा.

रिकामी_ओळ:
अहो ब्रुक्स उशीर झालेल्या प्रोजेक्टबद्दल बोलतोय. म्हणूनच तर म्हणतोय की रिलीज तोंडावर यायच्या आधी शिकवा. तेव्हा वीस मिनिटं दिली नाहीत तर रिलीजच्या रात्री चार तास द्यावे लागतात, आणि ते कोणी मोजत नाही.

अर्धविराम:
आम्ही एक पद्धत ठेवलीये. अडकलं की अर्धा तास स्वतः बघायचं, मग बिनधास्त विचारायचं, पण काय काय करून पाहिलं ते लिहून आणायचं. निम्म्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. आणि शेजारी बसलो तरी कीबोर्ड ज्युनियरच्याच हातात, हे मी फार कसोशीने पाळतो, कारण सिनियरने कीबोर्ड ओढला की समोरचा नुसता मान हलवायला लागतो. हल्ली एआयने लिहिलेला कोड तसाच येतो, तिथे रिव्ह्यूत मी एकच विचारतो, ही ओळ काढली तर काय बिघडेल? उत्तर नसेल तर आधी काढून टेस्ट चालवून बघ. बाय द वे रिकामी_ओळ, त्या मुलाला हेही दाखवा की डेसिमलला 0.1 अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून द्यावं लागतं, नाहीतर फ्लोटची चूक जशीच्या तशी आत जाते.

जुनाखोड:
नवखी, तुझे ते तीन दिवस वाया गेले हे मान्य, सेटअपची माहिती लपवण्यात काही अर्थ नाही आणि सगळ्यांसमोर तसं बोलणं तर चूकच. पण बग शोधताना मी अजूनही लगेच मदत देणार नाही. अर्धा तास फार कमी आहे, निदान अर्धा दिवस तरी झगडू दे.

नवखी:
अर्धा दिवस चालेल, फक्त नंतर कोणीतरी येणार हे आधी माहीत असू दे. तो व्हेरिएबल मी रीडमीमधे लिहून पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करा अशी विनंती) टाकलीये. दोन आठवडे झाले, अजून कोणी उघडून बघितलेली नाही.