१६१३ च्या स्टिअरिंग बॉक्सला नवं सील टिकत नाही, काय करावं?

अकलूज_ऊसगाडी: गाडी टाटा १६१३, २००५ मॉडेल, पॉवर स्टिअरिंग. हंगामभर ऊस ओढते. बॉक्सखाली ड्रॉप आर्मजवळून (बॉक्सचं वळण चाकांकडे नेणारा लोखंडी हात) ऑइल गळतंय. कारखाना सुरू व्हायच्या आधी गॅरेजवर नवं सील घातलं, पंधरवड्यात परत ठिबकायला लागलं. आता वळताना घूंऽऽ असा आवाजही येतो. मिस्त्री म्हणतो, बॉक्सच बदला. एवढा खर्च ऐन हंगामात झेपणारा नाही. सील घरच्या घरी बदलता येईल का? आणि पहिलं टिकलं का नाही?

निफाडकर: गळती थांबवायची बाटली मिळते, ती ऑइलच्या डब्यात ओतून बघा. हंगाम निघून जाईल.

लोणंदचा_फिटर: अकलूजकर भाऊ, बाटली ओतू नका. त्या औषधाने रबर फुगतं, चार दिवस गळती दबते, मग रबर मऊ पडतं. आज एक सील गळतंय, उद्या पंपाचंही गळेल.

आधी ऑइल नक्की कुठून येतंय ते शोधा. बॉक्स डिझेलने धुऊन कोरडा पुसा, वर टाल्कम पावडर मारा. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला बसवा आणि खाली बॅटरी मारून बघा. पुष्कळदा वरच्या शाफ्टचं सील किंवा होजचा तांब्याचा वॉशर गळत असतो, ऑइल बॉक्सच्या अंगावरून ओघळून ड्रॉप आर्मशी ठिबकतं आणि खालचं सील फुकट बदललं जातं.

खालूनच येत असेल तर सेक्टर शाफ्ट, म्हणजे ड्रॉप आर्म ज्यावर बसतो तो दांडा, बॉक्समधून बाहेर येतो तिथे, आर्मच्या वाटेत न येता, बोट टेकवा. शाफ्ट फक्त फिरला पाहिजे. बाजूला हलल्याचं बोटाला कळलं, तर आतलं बेअरिंग गेलंय. मग सोन्याचं सील घातलंत तरी टिकणार नाही. डब्यातला फिल्टरही बघा. तो चोंदला की परतीचं ऑइल अडतं आणि आतला दाब सील बाहेर ढकलतो. ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) सोडून, पुढची चाकं उचलून हाताने वळवून बघा. किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना, जड असतील तर सगळा जोर बॉक्सवर येतो. उसाच्या चिखलात ग्रीस धुऊन जातं, त्यामुळे तुमच्या गाडीत हे मी नक्की तपासलं असतं.

आर्म काढायच्या आधी आर्म आणि शाफ्टवर पंचने खूण करा. एक दातही चुकला तर एका बाजूचं वळण कमी होतं. आर्म पुलरनेच काढा. घण मारलात तर तो मार थेट बेअरिंगला आणि आतल्या दातांना लागतो.

अकलूज_ऊसगाडी: काका, सगळं तपासलं. गळती खालूनच आहे. शाफ्ट बाजूला हलत नाही. फिल्टर काळाकुट्ट निघाला. आर्म काढल्यावर, सील बसतं तिथे शाफ्टवर बारीक गोल रेघ दिसते.

लोणंदचा_फिटर: रेघेवरून नख फिरवा. अडकत नसेल तर बारीक पॉलिश पेपर ऑइल लावून गोल गोल फिरवा, उभा घासू नका. नख अडकत असेल तर शाफ्टचं काम करावंच लागेल, आणि ते बॉक्स खोलणाऱ्याकडेच द्या.

सील बॉक्सच्या प्लेटवरचा नंबर देऊन घ्या. मापाला तंतोतंत जुळणारं साधं सील दुकानदार देतो, पण ते पॉवर स्टिअरिंगचा दाब सोसत नाही. पहिलं सील काढाल तेव्हा त्यावरचा नंबरही ताडून बघा. नवं घालताना शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणारी आतली रबरी कड) ऑइल लावा आणि सपाट पाइपच्या तुकड्याने सरळ बसवा. दात्याची धार ओठाला लागली की नवं सील त्याच दिवशी गळतं. बाहेरचं धुळीचं सीलही नवंच घाला. आर्मचा नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळून लॉक करा.

फिल्टर बदला, जुनं ऑइल पूर्ण काढा. नवं ऑइल कंपनीने सांगितलेलंच, इंजिन ऑइल नको. पुढची चाकं उचलून घोडीवर ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पातळी उतरेल तसं भरत राहा. मग इंजिन आयडलला चालू करून पुन्हा तसंच. ऑइलमधल्या हवेचा फेस जिरला की घूं आवाज जाईल. वळण टोकाला नेऊन दाबून धरू नका.

अकलूज_ऊसगाडी: नख अडकत नाही. बॉक्सवरचा नंबर उतरवून घेतलाय, उद्या सकाळी सील आणायला जातो.