धूर आणि धुरी एक नव्हे

'धूर' आणि 'धुरी' हे शब्द एकाच अर्थाचे, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. धूर आपसूक होतो, धुरी मुद्दाम देतात. आमची आजी बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा आणि धूप टाकायची, त्यावर दुपटं धरायची आणि त्याच उबदार दुपट्यात बाळाला गुंडाळायची. तो वास मला अजून आठवतो. दूध मात्र 'धुरकटतं', म्हणजे चुलीचा वास लागून बिघडतं. 'सोन्याचा धूर' तेवढा भरभराटीचा. आणि 'धुरके' हा धूर-धुक्याचा जोडशब्द मला फार आवडतो, 'स्मॉग'ऐवजी आवर्जून वापरावा. 'धुराडं'ही जपायला हवं, 'चिमणी'ने त्याला पार मागे टाकलंय.