घराचं काम केल्यावर गळती, भेगा आणि विम्याचा क्लेम: तुमचे अनुभव सांगा

जळगावला वडिलांच्या जुन्या घरावर मजला चढवला, गच्चीचं वॉटरप्रूफिंगपण नवीन केलं. पहिल्याच पावसाळ्यात छताचे पोपडे निघाले, ट्यूबलाइटच्या पट्टीतून पाणी टपकतंय, ठेकेदार फोन उचलत नाही. भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. क्लेम कोणाला मिळाला, कोणाला नाही, का, सविस्तर लिहा.

भुसावळ
भाऊ, वाईट कामाचे पैसे विमा देत नाही, त्या कामामुळे अचानक काही फुटलं आणि नुकसान झालं तर त्या नुकसानीचे मिळू शकतात, हा फरक धरून बसा. आमच्या बाथरूमला नवीन पाइपलाइन टाकलेली, भिंतीतला एल्बो (पाइपचा वळणाचा सांधा) सुटला आणि रात्रभर पाणी खोलीत, गाद्या, प्लायचं कपाट सगळं फुगलं. पाइप फुटणं पॉलिसीत आहे म्हणून भिंत आणि सामानाचे पैसे आले, एल्बो बदलायचे आले नाहीत. तो तुटका एल्बो मी पिशवीत जपून ठेवला होता, कंपनीकडून नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरने आल्याआल्या तोच मागितला. तुमची गळती मात्र हळूहळू झिरपणारी आहे, तिथे कंपनी अडवणार.

धुळे
आमचा रिजेक्ट झाला. मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या, जुनं-नवं जिथे जोडलंय तिथे छतापासून खालपर्यंत भेग, बोट जाईल एवढी. जमीन खचणं कव्हर आहे म्हणून क्लेम टाकला, पण त्याच कलमाखाली लिहिलंय की नवीन बांधकाम बसताना पडणाऱ्या भेगा, सदोष काम, बांधकाम-दुरुस्तीमुळे झालेलं खचणं धरणार नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, इथल्या प्रत्येक मिस्त्रीला माहिती असतं, तरी पाया मुरुमापर्यंत नेला नाही. याचा फार संताप येतो.

रावेर
मे महिन्याच्या वादळात नवीन पत्रे उडाले. कंपनी म्हणे हुक नीट बसवले नव्हते. आम्ही सोडलं नाही, त्याच दिवशी शेजारच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, त्या पंचनाम्याची प्रत आणि गल्लीतल्या बाकी घरांचे फोटो जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं. तिथेच मिटलं. नाही मिटलं किंवा महिन्याभरात उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, आपल्यासाठी ऑफिस पुण्याला, फी लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

शिरपूर
ठेकेदाराचं वेगळं चालवा, विम्याची वाट बघू नका. ग्राहक आयोगात 2 वर्षांची मुदत असते. कच्ची चिठ्ठी, फोन पे चे मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं ठेवा, आम्हाला तेच कामी आलं. आणि कोणी रेरा कायद्यातली (बिल्डरांवरचा कायदा) बांधकामातल्या दोषांची 5 वर्षं सांगेल तर ती बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला, आपण ठेकेदार लावून वाढवलेल्या घराला नाही. पोपडे खरवडून रंग मारायच्या आधी दुसऱ्या इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घ्या, नंतर काही दिसत नाही.