कचऱ्याच्या, कारखान्याच्या जागेवर स्टेडियम करावं का?

टिळकवाडीकर
बेळगावला आणखी मैदानं हवीत, यावर कुणाचं दुमत नाही. पण जागा शोधायला लागलं की बोट ठरलेल्या ठिकाणांकडं जातं: बंद पडलेला कारखाना, फौंड्रीची (धातू ओतायच्या कारखान्याची) काळी वाळू टाकून बुजवलेली खण, कचरा टाकून झालेला माळ. जागा मोकळी आहे, कुणी अडवणार नाही, एवढंच बघितलं जातं. माझं म्हणणं असं की मातीत आणि आसपासच्या विहिरींत काय आहे हे तपासून तो अहवाल लोकांपुढं ठेवल्याशिवाय अशा जागेवर नारळसुद्धा फोडू नये. वर हिरवळ आली म्हणून खालचं शिसं, क्रोमियम, तेल नाहीसं होत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं की कचराभूमी बंद केल्यावर १५ वर्षं देखरेख ठेवायची आणि त्यानंतरही वायू, झिरपणारं पाणी, जमिनीची स्थिरता हे सगळं ठीक असेल तरच दुसऱ्या वापराचा विचार करायचा. तुमची मतं मांडा.

कंग्राळीचा रेडर
सर, आमची पोरं आज कुठं खेळतात ते आधी बघा. लेले ग्राउंड, व्हॅक्सिन डेपो, सरदार्स, कुठंही रविवारी जावा, एका मैदानावर चार मॅची चाललेल्या असतात. गावाकडं तर सुगी झाल्यावर रिकामं पडलेलं शेत हेच ग्राउंड. तपासणी, समिती, अहवाल म्हटलं की वर्षं जातात आणि पोरगं खेळायच्या वयातनं निघून जातं. लंडनचं २०१२ चं ऑलिंपिक जुन्या कारखान्यांच्या जमिनीवरच झालं की! सिडनीत २००० साली होमबुशला पण तसंच, तिथं तर कचऱ्याचे ढीग होते. त्यांना चालतं मग आम्हालाच का नाही?

शहापूर शिवार
मी शेतकरी आहे, मला रेडरचं पटतं, पण वेगळ्या कारणानं. पडीक जागा नको म्हटलं की साहेब लोक पुढची जागा कुठली बघतात? आमची पिकाऊ. शेतातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याला आमच्या लोकांनी किती वर्षं झगडा दिला, सगळ्यांनी बघितलंय. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या ज्या शिवारात बासमती पिकतो, तिथं उद्या स्टेडियमचा नकाशा आला तर तुम्ही येणार का आमच्या बाजूनं? म्हणून म्हणतो, खराब झालेली जागाच साफ करून घ्या. चांगल्या जमिनीला हात लावू नका.

सिव्हिलवाला, उद्यमबाग
लंडनचं उदाहरण अर्धं सांगून चालणार नाही. तिथं सुमारे २० लाख टन माती उकरली, जागेवरच माती धुण्याची यंत्रं बसवली आणि साफ केलेली बहुतेक माती तिथंच परत वापरली. सिडनीत साधारण ९० लाख घनमीटर कचरा आणि खराब माती गोळा करून टेकाडांखाली बंद केली. त्यातून झिरपणारं पाणी आजही गोळा करून शुद्ध करावं लागतं. म्हणजे स्पर्धा पंधरा दिवसांची आणि राखण कायमची. आपल्याकडं उद्घाटनानंतर पंप चालू आहे का हे बघायला माणूस नेमतील काय, हा माझा खरा प्रश्न आहे.

फौंड्रीच्या वाळूबद्दल दोन्ही बाजूंनी भलतं बोललं जातं. सगळी काळी वाळू विषारी नसते. ग्रीन सँडमध्ये बेंटोनाइट (एक चिकणमाती) आणि कोल डस्ट, म्हणजे कोळशाची भुकटी असते, तिचा धोका कमी. रेझिननं घट्ट केलेल्या रेझिन सँडमध्ये फिनॉल हे विषारी रसायन राहू शकतं, आणि कुठला धातू ओतला त्यावर शिसं, जस्त, क्रोमियम किती ते ठरतं. नुसतं बघून कळत नाही, नमुने घ्यावेच लागतात. तेही वरचे चार इंच खरवडून नव्हे, थराथरानं खोल बोअर मारून.

कचऱ्याच्या जागेचं दुखणं आणखी वेगळं. कचरा कुजत राहतो, जमीन कुठं जास्त कुठं कमी खचते, ट्रॅकला भेगा पडतात. मिथेन वर येतो. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो, आणि असा वायू साठतो तो प्रेक्षागृहाखालच्या बंद खोल्यांत, म्हणजे खेळाडूंच्या चेंजिंग रूममध्ये.

टिळकवाडीकर
यात साफसफाईचा धोका जोडतो. इंग्लंडमध्ये कॉर्बी या गावी पोलाद कारखान्याची जागा साफ करताना विषारी गाळ ट्रकांतून गावातून नेला. रस्त्यावर सांडला, वाळला, त्याची धूळ उडाली. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांची काही मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. २००९ साली तिथल्या न्यायालयानं नगर परिषदेचा हलगर्जीपणा मान्य केला. शिवारदादा, "साफ करून घ्या" हे तुमचं बरोबर आहे, पण कसं साफ करणार हे आधी ठरायला हवं. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात उघडे टिप्पर वस्तीतून फिरले तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माणसं आजारी पडतील.

मुतग्याचा पैलवान
लंडनवाल्यांच्या स्टेडियमात प्रेक्षक खुर्चीत आणि खेळाडू गवतावर. आमचं तसं नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो हे मातीतले खेळ. पोरगं तोंडावर पडतं, माती नाकात जाते, खरचटलेल्या गुडघ्यात जाते. घाम आलेल्या अंगावर आम्ही ती माती चोळतो. वर दोन फूट चांगली माती टाकली की झालं, हे आमच्यासाठी पुरत नाही.

कंग्राळीचा रेडर
पैलवान, आखाड्यातली लाल माती तुम्ही बाहेरूनच आणता. चाळून, ताक-तेल-हळद घालून मळता. खालची जमीन आणि हौदा (कुस्तीच्या मातीचा खड्डा) यांचा संबंध काय? मध्ये काँक्रीट घाला, वर हौदा करा. कबड्डी तर आता मॅटवर चाललीय. अडचण आहे म्हणून सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही.

खानापूरच्या बाई
हौदा सुरक्षित करता येईल, पण पोरं हौद्यातच थांबत नाहीत हो. कडेला गोट्या खेळतात, माती हातानं उकरतात, त्याच हातानं डबा खातात. शिशाची अमुक पातळी मुलांना सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. बुद्धीवर होणारा परिणाम भरून येत नाही. मी शाळेत शिकवते, मैदान नसलेल्या शाळेचं दुःख मला माहीत आहे. तरीही अशा जागेवर माझ्या वर्गाला खो-खोला पाठवायचं तर अहवाल वाचूनच पाठवेन. आणि तो अहवाल मला, पालकांना वाचता येईल अशा मराठीतही हवा. नुसत्या कन्नड-इंग्रजी कागदावर गावसभेत सह्या घेतल्या तर ती संमती कशी म्हणायची?

सिव्हिलवाला, उद्यमबाग
रेडर, काँक्रीटचा उपाय चालतो, पण फ्लडलाइटच्या खांबांचं काय? त्यांचे पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, खराब थर भेदून खाली जातात आणि वरची घाण भूजलात उतरायला वाट मिळते. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी जांभा आहे, त्यातून पाणी चटकन खाली जातं. आणि मैदानाला पाणी द्यायला तिथंच बोअर मारली तर खालचं सगळं पुन्हा गवतावर. दूषित जागांसाठी केंद्रानं जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणलेत, म्हणजे पहिल्यांदाच विचारायला कायदेशीर दरवाजा आहे. त्याखाली मागणी करूया. काम थांबवायला नव्हे, नीट व्हायला.

शहापूर शिवार
मागणीत एक गोष्ट घाला. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी दोनदा तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर. बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात शिरतं तेव्हा कुठली घाण कुठं जाते हे आम्हाला ठाऊक आहे. एकदाच, तेही उन्हाळ्यात नमुना घेऊन "सगळं ठीक" लिहिलेला कागद आम्ही मानणार नाही.