लेकीसाठी 'नीव्ह' हे आयरिश नाव कसं वाटतं? स्पेलिंगची धास्ती आहे

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सहा वर्षांपासून आयर्लंडात कॉर्कला. नवरा इथलाच. डिसेंबरात मुलगी होणार आहे (इथे आधी सांगतात). सासूबाईंनी नाव सुचवलंय, नीव्ह. त्यांच्या धाकट्या बहिणीचं. ती शाळेत असतानाच गेली.

नाव कानाला फार गोड वाटलं. घोडं अडलंय ते स्पेलिंगपाशी: एन-आय-ए-एम-एच! आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर म्हणाली, "नियम? हे काय नाव झालं गं? दुसरी झाली तर तिचं नाव अट ठेवणार का?" बाबांनी 'नियाम्ह' असं मोठ्याने वाचलं, तर आईला वाटलं त्यांना शिंक आली.

गेल्या रविवारी सासूबाईंनी त्या बहिणीची शाळेची वही काढून दाखवली. वर जुन्या वळणाच्या अक्षरांत नाव. गंमत म्हणजे त्यात शेवटचा एच नाहीच, एमच्या डोक्यावर नुसतं टिंब. मला तर अनुस्वारच वाटला. त्या अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या होत्या, म्हणून विचारलं नाही.

तर जाणकारांनी सांगा: अर्थ 'तेजस्वी' एवढाच आहे की आणखी काही? वर्गात चार-चार नीव्ह असतील का? आणि भारतात आल्यावर पोरीचे हाल होतील का?

शेवग्याची_शेंग
अभिनंदन! अकरा वर्षं डब्लिनला आहे, त्यामुळे या स्पेलिंगांशी झटापट करून झालेली आहे.

ते टिंब शोभेचं नाही. जुन्या आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरं. त्यात व्ही नव्हतंच. मग 'व' लिहायचा कसा? तर एमच्या किंवा बीच्या डोक्यावर टिंब द्यायचं. म मऊ झाला की व. या प्रकाराला ते 'शेवू' म्हणतात, म्हणजे मऊ करणं. साठच्या दशकात शाळांतून जुनं वळण गेलं, साधी रोमन अक्षरं आली, आणि टिंबाच्या जागी पुढे एच जोडायला लागले. म्हणजे तो एच हकार नव्हे, ते अक्षरात उतरवलेलं टिंब आहे! हे एकदा कळलं की शिवॉन आणि एव्हा या नावांच्या स्पेलिंगमधले बीएच आपोआप सुटतात.

उच्चार नीव्ह. काही भागांत 'नीअव' असा किंचित लांबवतात. दोन्ही चालतं.

अर्थ तुम्ही म्हणता तोच: तेज, झळाळी. मराठीत सरळ भाषांतर करायचं तर दीप्ती. पण इथे लोक अर्थापेक्षा गोष्टीसाठी हे नाव ठेवतात. समुद्राचा देव मॅननॉन, त्याची सोनेरी केसांची मुलगी नीव्ह. पांढऱ्या घोड्यावर बसून ती लाटांवरून येते, दंतकथांतला वीर फिन मॅकूल, त्याच्या पोराला, ओशीनला, मागणी घालते (तिने घातली हं, त्याने नव्हे) आणि घोड्यावर मागे बसवून घेऊन जाते 'तीर ना नोग'ला. तिथे कुणी म्हातारं होत नाही. तीन वर्षांनी त्याला घरची आठवण येते. ती म्हणते जा, पण पाय जमिनीला लावू नकोस. तो येऊन बघतो तर इथे तीनशे वर्षं उलटलेली, ओळखीचं कुणी नाही. धोंडा हलवणाऱ्या माणसांना मदत करायला वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो, जमिनीवर पडतो आणि तिथल्या तिथे जख्ख म्हातारा.

खडूस_काका
आपल्याकडे नावांचा दुष्काळ पडलाय का? दीप्तीच ठेवा की. स्पेलिंग पण सरळ.

कृष्णाकाठची
काका, दीप्ती माझ्या सख्ख्या जावेच्या मांजरीचं नाव आहे. मीच सुचवलं होतं. आता कुठल्या तोंडाने ठेवू?

झिपरी
=)) काका निरुत्तर.

रानजाई
शेवग्याची_शेंग उर्फ शेशें, ही गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण ही आपल्याकडेही आहे. रेवतीची! ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला तिला घेऊन थेट ब्रह्मलोकात जातो. तिथे गाणं चाललेलं असतं, म्हणून जरा थांबतात. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून सांगतो, अहो, तुमच्या मनातली स्थळं केव्हाच गेली, खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग रेवती बलरामाला दिली.

ओशीनची तीनशेच वर्षं, आपला हिशेब नेहमीसारखा घसघशीत. कृष्णाकाठची, मी म्हणेन की नीव्ह ठेव आणि पाळण्यातलं किंवा मधलं नाव रेवती. दोन्ही आज्यांना सांगायला एकच गोष्ट.

पोपटपंची
नीव्ह नकोच असेल तर आणखी काही सुचवू का? ईफा (स्पेलिंग भयंकर: ए-ओ-आय-एफ-ई), अर्थ सौंदर्याशी जोडतात. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. ॲशलिंग म्हणजे स्वप्न. रोशीन म्हणजे छोटा गुलाब, पण सांगलीत त्याचं रोशनी होणार हे लिहून ठेवा.

शेवग्याची_शेंग
पोपटराव, ईफाबद्दल एक सांगते. लीरच्या गोष्टीतली सावत्र आई ईफाच. चार मुलांना हंस करून तिने नऊशे वर्षं पाण्यात ठेवलं. आपल्याकडे कुणी मुलीचं नाव कैकेयी ठेवत नाही, इथे मात्र ढिगाने ईफा आहेत आणि कुणाला काही वाटत नाही. सीर्शा आजीच्या पिढीत सापडणार नाही, नाव म्हणून ते विसाव्या शतकातलंच. सीर्शा रोनन या नटीमुळे जगभर गेलं, आणि तिचा स्वतःचा उच्चार 'सर्शा' आहे. म्हणजे तिथेही वाद.

चार-चार नीव्ह असतील का, याचं उत्तर राहिलंच. नव्वदीत आणि 2000 नंतरच्या दशकात हे नाव खूप ठेवलं गेलं. इंग्लंड-वेल्समध्येसुद्धा पहिल्या शंभरात होतं. माझ्या ऑफिसात तीन आहेत, तिघी पंचवीस ते पस्तीसच्या. आता जन्मणाऱ्या मुलींत वारं फीयाचं आहे. 2021 मध्ये आयर्लंडात मुलींच्या नावांत फीया पहिल्या नंबरावर होतं. 'रानातली' असा अर्थ घेतात. थोडक्यात, तुमची नीव्ह वर्गात बहुधा एकटी असेल, पण शिक्षिकेला नाव लिहिता येईल. यापेक्षा बरी स्थिती नसते. इथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्षावार आकडे मिळतात, नजर टाका.

अवांतर: कॉर्ककरांसाठी ही चांगली खूण आहे. 1993 ची युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा तुमच्याच काउंटीतल्या मिलस्ट्रीट या छोट्या गावात झाली होती आणि आयर्लंडला जिंकून दिलं ते नीव्ह कॅव्हना हिने. सासूबाईंना विचारा, डोळे चमकतील.

फॉर्मभरू
कागदपत्रांचं मी बोलतो, भावनांचं बाकीचे बघतील. या नावात फादा नाही, ही मोठी सोय. फादा म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ. शब्दाचा अर्थच 'लांब', म्हणजे आपलं दीर्घ. रोशीनवर अशा दोन रेघा आहेत आणि अर्ध्या संगणकांना त्या झेपत नाहीत. माझ्या पुतणीच्या नावावरची रेघ एका विमान कंपनीच्या तिकिटावर प्रश्नचिन्ह होऊन आली. काउंटरवरचा माणूस दहा मिनिटं तिकीट आणि पासपोर्ट आळीपाळीने बघत होता.

पुढे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढाल, त्यावर पासपोर्टवरचंच नाव येणार. म्हणून रेवती हवं असेल तर जन्मनोंदणीतच घाला, मागाहून चिकटवायला जाऊ नका.

दर्यावर्दी
भारतात हाल होतील म्हणता? मी मालवणचा. आमच्या वराड गावचं आडनाव अख्ख्या आयर्लंडाने शिकून घेतलं. लिओ वराडकर 2017 ला पंतप्रधान झाले तेव्हा तिथल्या बातम्यांत ते आडनाव रोज ऐकू यायचं. त्यांना पाच अक्षरी वराडकर जमलं, सांगलीकरांना एक नीव्ह जमणार नाही? स्पेलिंग दाखवूच नका. आधी तोंडाने सांगा, देवनागरीत लिहा. आपल्या लिपीत ते नाव किती सरळ आहे बघा.

खडूस_काका
हे मात्र पटलं. देवनागरीत काहीच अडचण नाही.

सुमनआजी
मी फक्त वाचत असते, आज लिहिते. मला तर हे नाव मराठीच वाटलं. आपण म्हणतो ना, डोळे निवले, जीव निवला. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायलं की निवतं माणूस. त्यांच्याकडे तेज, आपल्याकडे गारवा. बाळाला हाक मारताना निवू, निवुली सगळं होतं. काळजी करू नकोस गं.

कृष्णाकाठची
सुमनआजी, तुमचा प्रतिसाद काल आईला फोनवर वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "निवू चालेल."

शेशें, टिंबाचं सासूबाईंना विचारलं. कुणीतरी विचारलं याचाच त्यांना इतका आनंद झाला की एका पाकिटामागे त्यांनी मला जुनी अठराही अक्षरं काढून दिली. मिलस्ट्रीटची आख्खी रात्र ऐकावी लागली ते वेगळंच. रानजाई, रेवतीची गोष्ट नवऱ्याला सांगितली, तेव्हापासून तो सत्तावीस चतुर्युगं म्हणजे किती वर्षं ते मोजतोय. मधलं नाव ठरलं.

आज सकाळी आईचा मेसेज आलाय. तिने दुपट्याला काठ घातलाय, कोपऱ्यात नाव भरायला घेणार आहे. विचारतेय, सासूबाईंच्या वहीतल्यासारखं टिंब द्यायचं असेल तर नेमकं कुठे, ते त्यांना विचारून कळव.